रेव्हिटमध्ये सीलिंगवरचे दिवे आधार सोडतात तेव्हा काय करावे

लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या कार्यालयाचे काम रेव्हिट या इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाती घेतले, की वास्तुविशारदाचे मॉडेल एका फाइलमध्ये आणि आपले विजेचे मॉडेल दुसऱ्या फाइलमध्ये असते. दिवे ज्या फॉल्स सीलिंगला लावायचे, ते सीलिंग मात्र आपल्या फाइलमध्ये नसतेच. रेव्हिटमधील दिव्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. दिवा बसत नाही, दिसत नाही, उलटा बसतो, किंवा काल नीट बसवलेला दिवा आज कशालाच जोडलेला नसतो, या सगळ्यांच्या तपासात पहिला प्रश्न एकच विचारावा: या दिव्याचा होस्ट, म्हणजे आधार, कोणता? लिंक (आपल्या फाइलमध्ये संदर्भ म्हणून दाखवलेली दुसऱ्याची फाइल) जोडणे आणि फॅमिली (दिव्यासारख्या घटकाचा तयार नमुना) लोड करणे वाचकाला येते असे मी गृहीत धरते.

दिवा निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘होस्ट’ ही ओळ वाचावी. तिथे सीलिंगचे नाव असेल तर आधार आपल्याच फाइलमध्ये आहे, लिंक केलेल्या मॉडेलचे नाव असेल तर तो वास्तुविशारदाच्या फाइलमध्ये आहे, रेफरन्स प्लेनचे नाव असेल तर दिवा सीलिंगला नव्हे, त्या प्रतलाला टांगलेला आहे, आणि ‘नॉट असोसिएटेड’ असे असेल तर दिवा निराधार झाला आहे. ही ओळ न वाचता उपाय सुरू करू नये.

दिवा बसतच नसेल आणि कर्सरवर नकाराचे चिन्ह येत असेल, तर फॅमिली कोणत्या टेम्प्लेटवर केली आहे ते पाहावे. सीलिंग-बेस्ड फॅमिलीला आपल्याच फाइलमधले खरे सीलिंग लागते. लिंकमधल्या सीलिंगवर ती कधीही बसणार नाही. वास्तुविशारदाने जिप्समचे सीलिंग ‘फ्लोअर’ म्हणून किंवा जेनेरिक मॉडेल म्हणून काढले असेल, आणि आपल्याकडे हे सर्रास होते, तर ते एकाच फाइलमध्ये असूनही तिला चालत नाही. फेस-बेस्ड फॅमिली मात्र कोणत्याही पृष्ठभागावर बसते, लिंकमधल्याही. टेम्प्लेटमधून आलेला होस्टचा प्रकार नंतर बदलता येत नाही, त्यामुळे फेस-बेस्ड जेनेरिक मॉडेलच्या टेम्प्लेटवर नवी फॅमिली सुरू करून, तिची कॅटेगरी लायटिंग फिक्स्चर करून, दिव्याचा आकार त्यात पुन्हा बांधावा लागतो. या कामाचा कंटाळा करून वास्तुविशारदाचे सीलिंग आपल्या फाइलमध्ये कॉपी करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. मग एका जागी दोन सीलिंग होतात, क्षेत्रफळाची मोजणी दुप्पट होते, आणि वास्तुविशारदाने पुढच्या आठवड्यात उंची बदलली की आपले सीलिंग खोटे ठरते, तेही कोणाच्या लक्षात न येता.

दिवा बसला आहे पण रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅनमध्ये, म्हणजे सीलिंग दाखवणाऱ्या प्लॅनमध्ये, दिसत नाही, तर व्ह्यू रेंज, म्हणजे प्लॅनमध्ये कोणत्या उंचीचे दिसावे याची मर्यादा, पाहावी. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये या प्लॅनचा कट प्लेन, म्हणजे मॉडेल ज्या उंचीवर आडवे कापले जाते ते प्रतल, साधारणपणे २३०० मिमीवर असतो आणि त्याच्या वरचेच दिसते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगपर्यंत किमान २.४ मीटर उंची लागते, त्यामुळे मुख्य दालनात अडचण येत नाही. पण वरच्या मजल्याच्या सांडपाण्याचे पाइप झाकण्यासाठी टॉयलेटचे सीलिंग २२५० मिमीवर उतरवले, की तिथले सगळे दिवे प्लॅनमधून नाहीसे होतात. संपूर्ण व्ह्यूचा कट प्लेन खाली आणण्याऐवजी तेवढ्याच भागाभोवती प्लॅन रीजन, म्हणजे स्वतःची वेगळी व्ह्यू रेंज असलेला भाग, काढावा.

आता खरी अवघड पायरी. वास्तुविशारदाचे नवे मॉडेल येते, लिंक रीलोड होते आणि दिव्यांच्या होस्टसमोर ‘नॉट असोसिएटेड’ उमटते. माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली ती एका कार्यालयाच्या दोनशेहून अधिक दिव्यांबाबत, ड्रॉइंग देण्याच्या आदल्या संध्याकाळी. मी सगळे दिवे डिलीट करून नव्याने बसवले आणि ते काम दीड तासात झाले. मग कळले, की प्रत्येक दिवा आपल्या सर्किटमधून निघून गेला आहे, टॅग गेले आहेत, मापांच्या रेषा गेल्या आहेत आणि पॅनल शेड्यूलमधला (वीज पॅनलवरील सर्किटांच्या तक्त्यातला) भार चुकीचा झाला आहे. ते सावरण्यात पुढचे दोन दिवस गेले. म्हणून माझे सांगणे ठाम आहे: निराधार दिवा कधीही डिलीट करू नये. तो मॉडेलमध्ये शाबूत आहे, त्याचे सर्किट शाबूत आहे, फक्त त्याचा आधार तुटला आहे.

आधार का तुटतो, हे समजून घेतले तर अर्धे काम वाचते. रेव्हिट दिव्याला ‘इथे या उंचीवर सीलिंग आहे’ असे लक्षात ठेवायला सांगत नाही. ते त्या विशिष्ट सीलिंगचा आयडी आणि त्याचा पृष्ठभाग लक्षात ठेवते. वास्तुविशारदाने त्याच सीलिंगची बाउंड्री एडिट केली किंवा उंचीचा आकडा बदलला, तर आयडी तोच राहतो आणि रीलोड केल्यावर दिवे सीलिंगबरोबर वरखाली होतात. पण जुने सीलिंग पुसून त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच प्रकारचे नवे काढले, तर डोळ्यांना काहीही फरक दिसत नसला तरी आयडी बदललेला असतो. (दोन्ही सीलिंग आपल्याच फाइलमध्ये असती आणि दिवे सीलिंग-बेस्ड असते, तर सीलिंगबरोबर दिवेही पुसले गेले असते.)

दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी. कोलॅबोरेट टॅबवरील कोऑर्डिनेट पॅनलमधून ‘रिकन्साइल होस्टिंग’ उघडावे; निराधार झालेल्या सर्व घटकांची यादी तिथे मिळते, आणि प्लॅनवर एकेक दिवा तपासत फिरण्याची गरज राहत नाही. आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण शेवटी तो शून्यावर आला पाहिजे.

त्यानंतर लगेच ‘पिक न्यू’ दाबण्याचा मोह होतो, आणि माझी दुसरी चूक हीच होती. पिक न्यूमध्ये नवा पृष्ठभाग निवडताना आपण जिथे क्लिक करतो तिथेच दिवा जाऊन बसतो. त्याचे सर्किट आणि टॅग टिकतात, पण जागा हलते. २० मिमीचा फरक पडद्यावर जाणवत नाही, पण ६०० बाय ६०० च्या टाइलमध्ये बसणारा दिवा साइटवर तेवढ्याने टाइल धरणाऱ्या टी-ग्रिडच्या पट्टीवर चढतो. म्हणून आधी प्रत्येक दिव्याच्या मध्यावर डिटेल लाइनची छोटी फुली काढावी, दिवे ओळीत असतील तर ओळीच्या दोन्ही दिशांना लांब रेषा काढून त्यांच्या छेदबिंदूंचा उपयोग करावा. मग दिवा निवडून पिक न्यू घ्यावे, ‘प्लेस ऑन फेस’ निवडावे, लिंकमधल्या सीलिंगचा पृष्ठभाग उजळला याची खात्री करावी आणि फुलीवर स्नॅप करूनच क्लिक करावे. पृष्ठभाग उजळताना तो सीलिंगचा खालचा आहे की वरच्या स्लॅबचा, हे टॅब कळ दाबून तपासावे; सीलिंगऐवजी स्लॅबला चिकटलेला दिवा प्लॅनमध्ये अगदी बरोबर जागी दिसतो आणि फसवतो. सगळे दिवे झाल्यावर फुल्या पुसून टाकाव्यात.

सीलिंगचे आराखडे अजून बदलत असतील, तर मी दिवे पृष्ठभागाला बांधतच नाही. सेक्शनमध्ये प्रत्येक उंचीसाठी एक रेफरन्स प्लेन काढते, त्याला ‘फॉल्स सीलिंग २७००’ असे नाव देते (नाव नसलेले प्रतल यादीतून निवडता येत नाही) आणि दिवे ‘प्लेस ऑन वर्क प्लेन’ने त्यावर बसवते. वास्तुविशारदाने सीलिंग दहा वेळा पुसले तरी माझे प्रतल माझ्याच फाइलमध्ये असते. उंची बदलली तर ते एक प्रतल सरकवले की सगळे दिवे सरकतात. याची किंमत म्हणजे उंचीतला बदल आपल्याला आपोआप कळत नाही, तेव्हा प्रत्येक रीलोडनंतर एक सेक्शन उघडून पाहणे हे बंधन म्हणून स्वीकारावे. उतरत्या किंवा वळणदार सीलिंगला ही पद्धत चालत नाही. तिथे पृष्ठभागच हवा.

रेफरन्स प्लेनवर दिवा उलटा, तोंड वर करून बसला, तर उजवे क्लिक करून ‘फ्लिप वर्क प्लेन’ करावे.

लिंकमधल्या सीलिंगला फेस-बेस्ड दिवा भोक पाडू शकत नाही, त्यामुळे पूर्ण आत दडलेला दिवा सीलिंगमागे झाकला जातो. फॅमिलीत कडेची रिंग सीलिंगच्या २-३ मिमी खाली ठेवली की ती प्लॅनमध्ये दिसते.

शेड्यूलमध्ये दिव्याची खोली रिकामी येत असेल, तर फॅमिलीत ‘रूम कॅल्क्युलेशन पॉइंट’ सुरू करून तो बिंदू सीलिंगच्या खाली, खोलीच्या पोकळीत ओढावा.

हे सगळे झाल्यावर वास्तुविशारदाला एक पत्र लिहावे आणि त्यात एकच विनंती स्पष्टपणे करावी: जीएफसी (गुड फॉर कन्स्ट्रक्शन, म्हणजे बांधकामासाठी अंतिम) ड्रॉइंग निघेपर्यंत सीलिंग बदलायचे असेल, तर ते पुसून नवे काढू नये, त्याचीच बाउंड्री एडिट करावी.