स्पॅनिशचे टिल्दे: या चुका टाळा

नवीन बॅचच्या वह्या हातात आल्या की तेच. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, आणि टिल्दे, म्हणजे स्वरावरची ती तिरकी रेघ, एक तर गायब, नाहीतर पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तशी कुठेही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, समोरच्याला संदर्भावरून कळतं की."

नाही कळत. माझी एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एका कंपनीत स्पेनच्या ग्राहकांचे हिशेब बघते. एका ग्राहकाने बिल भरलं होतं आणि तिला ते माद्रिदच्या ऑफिसला कळवायचं होतं. एका ओळीची मेल: 'या पागो ला फाक्तुरा.' यातल्या 'पागो'च्या शेवटच्या ओवर टिल्दे हवा. तो दिला की आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'गो'वर जातो आणि अर्थ होतो 'त्याने भरलं'. तिने तो दिलाच नाही, आणि बिनटिल्देचा 'पागो' म्हणजे 'मी भरते'. स्पॅनिशमध्ये कर्ता वेगळा लिहावा लागत नाही, तो क्रियापदाच्या शेवटावरूनच ओळखायचा असतो. माद्रिदमध्ये वाचलं गेलं: 'बिल मी भरतेय.' उलट टपाली विचारणा आली की तुम्ही का भरताय, कुठल्या खात्यातून? मग मॅनेजरला सीसी, मग फोन. हा घोळ निस्तरेपर्यंत पैसे भरून मोकळ्या झालेल्या त्या ग्राहकाला थकबाकीचं पत्रही जाऊन पडलं.

तिच्या मशीनवर स्पॅनिशचा स्पेलचेक चालू होता. त्याने काही लाल केलं नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. 'आब्लो'चं तेच: एकदा 'मी बोलतो', एकदा 'तो बोलला'. 'तेर्मिनो' तर तीन आहेत. आघात आणि टिल्दे 'तेर'वर असेल तर मुदत किंवा संज्ञा, आघात 'मि'वर आणि टिल्दे नसेल तर 'मी संपवतो', शेवटच्या ओवर टिल्दे असेल तर 'त्याने संपवलं'. म्हणून स्पेलचेकच्या भरवशावर राहणाऱ्यांना मी एकच सांगते: भूतकाळाचं क्रियापद लिहिलं की तिथेच थांबा, मोठ्याने वाचा, टिल्दे द्या, मग पुढचा शब्द. नियमित क्रियापदांत 'मी' आणि 'तो/ती'च्या भूतकाळी रूपांवर तो हमखास असतो. फुए (गेला), दिओ (दिलं), विओ (पाहिलं) यांवर मात्र नाही. जुन्या छापील पुस्तकांत दिसेल. 1959पासून तो गेला.

दुसरी चूक खास आपल्या मुलांची. समासात उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात आणि जिथे काना किंवा दीर्घ दिसेल तिथे टिल्दे ठोकतात. 'कासा'त दोन काने, मग दोनपैकी कुठे, असा प्रश्न मला दर बॅचला येतो. कुठेच नाही. 'साबादो'तही दोन काने, पण टिल्दे फक्त 'सा'वर. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नाही. टिल्दे आघात दाखवतो. मराठी लिहिताना आपण आघात कधीच दाखवत नाही, त्यामुळे तो ऐकायची कानाला सवय नसते. ती लावावी लागते. शब्द उच्चारा आणि जोर येईल त्या सिलॅबलला, म्हणजे उच्चाराच्या त्या तुकड्याला, बाकावर टकटक करा. माझ्या वर्गात पहिला महिना हे चालतं. घाईवाल्यांना ते बालिश वाटतं, पण नियम कळायला दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

नियम एवढाच. शब्द स्वराने, न-ने किंवा स-ने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. दुसऱ्या कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या. आघात या ठरलेल्या जागी असेल तर टिल्दे नको, जागा सोडली असेल तर हवा. 'खोबेन', म्हणजे तरुण, न-ने संपतो, आघात 'खो'वर, टिल्दे नको. अनेकवचन 'खोबेनेस': आघात 'खो'वरच राहिला, पण आता तो शेवटून तिसरा झाला, म्हणून टिल्दे आला. 'कान्सिओन'मध्ये आहे, 'कान्सिओनेस'मध्ये जातो. शब्द टिल्देसकट पाठ करणारे इथे हटकून आपटतात, आणि तरी पुढच्या बॅचला पुन्हा पाठांतरच चालू असतं. 'दीआ', 'पाइस' वेगळे: तिथे 'इ' शेजारच्या स्वरात न मिसळता स्वतः आघात घेते, म्हणून तिच्यावर टिल्दे नेहमीच.

बाकीच्या भराभर. प्रश्नार्थक शब्दांचा टिल्दे प्रश्नचिन्ह नसतानाही राहतो: 'नो से के किएरे', म्हणजे 'त्याला काय हवंय मला माहीत नाही', यात 'के'वर ('से'वरही आहे, पण तो क्रियापदाचा). 'मला'च्या 'मी'वर आहे म्हणून 'तुला'च्या 'ती'वर देऊ नका, तिथे तो कधीच नसतो. कॅपिटल अक्षरांना सूट नाही; स्पॅनिशचे नियम ठरवणाऱ्या रिआल अकादेमिआ या संस्थेने ती कधी दिलेलीच नव्हती. 'सोलो'वर ('फक्त') 2010च्या नियमांनुसार नको; 2023मध्ये संदिग्धता वाटल्यास मुभा मिळाली, पण नवशिक्यांनी त्या वादात पडू नये. रेघ उजवीकडे चढते, उलटी रेघ स्पॅनिशमध्ये नाही. आणि 'न्य'वरची नागमोडी रेघ हा आघात नव्हे, ते स्वतंत्र अक्षर आहे. 'आन्यो' म्हणजे वर्ष. रेघ गाळली की तोच शब्द गुदद्वार होतो, आणि वय सांगणाऱ्या वाक्यात मी हे आजही वाचते.

टाइप करता येत नाही ही सबब मी ऐकून घेत नाही. मोबाइलवर स्वर दाबून धरा. विंडोजवर यूएस इंटरनॅशनल कीबोर्ड निवडा: आधी अपॉस्ट्रॉफी, मग स्वर. दुसऱ्याच्या मशीनवर बसलात तर ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांवर 160, 130, 161, 162, 163 मारा: अनुक्रमे आ, ए, इ, ओ, उ. नागमोडी रेघेच्या अक्षराला 164. हे सहा आकडे मॉनिटरला चिकटवून ठेवा.