मराठी शब्द सुटा कसा करायचा

परवा भाची दारातून ओरडली, "मामा, मी पाऊसात जाते!" आणि घरातले सगळे खो खो हसले, पण खरं सांगू का, पोरीने शब्द अगदी बरोबर तोडला होता, पाऊस अधिक त, फक्त मराठीत या दोघांच्या मधे एक सांधा लागतो तो तिला कुणी सांगितलाच नव्हता. शाळेत आपण सिद्ध शब्द, साधित शब्द, उपसर्ग, प्रत्यय असलं सगळं मार्कांपुरतं पाठ करतो, पण शब्द हातात घेऊन खोलून बघायला शिकवत नाहीत. ते कसं करायचं बघू.

एखादा लांबलचक शब्द घ्या, पण पुस्तकी नको, बोलण्यातला. मी घेतो "घरासमोरच्यांनीसुद्धा". म्हणजे "घरासमोरच्यांनीसुद्धा वर्गणी दिली" असं आपण सहज बोलून जातो ना, तो.

१. शेपटाकडून सोला. मराठीत बराचसा माल शब्दाच्या मागे लटकलेला असतो, म्हणून पुढून सुरू केलं की गोंधळ होतो. आधी "सुद्धा" काढा, तो कुठेही चिकटतो, मीसुद्धा, उद्यासुद्धा. मग "नी", म्हणजे काम कुणी केलं ते. आता "च्यां" उरलं, त्यावरचं टिंब नीट बघा, कारण "समोरच्याने" म्हटलं की एक माणूस आणि "समोरच्यांनी" म्हटलं की सगळं कुटुंब, म्हणजे "ने"चा "नी" झाला तसं ते एवढंसं टिंबही अनेकवचनाचंच काम करतंय! टिंब बाजूला केलं की "च्या", संबंध दाखवणारा. मग "समोर". मग "घरा".

२. सांधा ओळखा. "घरा" मधल्या "आ"ला स्वतःचा अर्थ काहीच नाही, तो नुसता पुढचा तुकडा बसवायला केलेला खाचा आहे, व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. गंमत अशी की हा खाचा करताना मूळ शब्द पण थोडा तासला जातो, पाऊसचं पावसा, माणूसचं माणसा, देऊळचं देवळा, फूलचं फुला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र सहसा ताठ राहतात, शरीरचं शरीरा होतं, शरिरा नाही. आणि इंग्रजीतून आलेल्यांचं अजून नक्की ठरलेलं नाही, टेबलावर पण चालतं आणि टेबलवर पण, पण फोनवर म्हणतो, फोनावर फारसं कुणी म्हणत नाही. म्हणून तुकडा ओळखीचा वाटला नाही तर आधी त्याचं न तासलेलं रूप शोधा, मग वही मिटा.

३. प्रत्येक तुकड्याला साक्षीदार आणा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि इथेच लोक घसरतात. तुकडा खरा असेल तर तो तोच अर्थ घेऊन दुसऱ्या शब्दांत पण सापडला पाहिजे, आणि तो काढल्यावर जे उरतं त्यालाही काही अर्थ पाहिजे. लाजाळू, झोपाळू, मायाळू, इथे "आळू" स्वभाव सांगतो. मग रताळू कुणाचा स्वभाव? ते कंद आहे बिचारं, सोडा त्याला. पुणेकर आणि नागपूरकर गावाचे, पण दिनकरचं "दिन" नावाचं गाव नाही, तिथला "कर" म्हणजे करणारा, दिवस करणारा तो सूर्य. दिसायला सारखे पण दोन वेगळे तुकडे. क्रियापदांत पण हेच, हसणं-हसवणं, बसणं-बसवणं, शिकणं-शिकवणं यातला "व" दुसऱ्याकडून काम करून घेतो, आणि त्यावर "णी" लावली की शिकवणी, "णूक" लावली की फसवणूक. पण जेवणं मधला "व" काढून बघा, "जेणं" उरतं, ते काय असतं? काहीच नाही. म्हणजे तो "व" धातूचाच.

४. तुकडा कुठल्या भाषेतून आला याची फार काळजी करू नका. नापास मधे मराठी-फारसीतला "ना" आणि इंग्रजी "पास" सुखाने नांदतायत, गैरसमज मधे अरबी "गैर"च्या मागे आपली समज. उलट कधी कधी मूळ माहीत असून उपयोग नसतो. रिक्षा हा शब्द जपानी "जिनरिकिशा"वरून आलाय, जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी, पण आपल्याकडे पोचेपर्यंत माणूस गळाला आणि बाकीचं वितळून एक झालं. मराठीत रिक्षावालाचे दोनच तुकडे करायचे, रिक्षा आणि वाला, बाकी करामत नको.

५. परत जोडून बघा. पाणिनीने संस्कृतसाठी साधारण ४००० सूत्रांत हेच केलं, तुकडे आणि ते जोडायचे नियम. तुम्ही फक्त एक तुकडा बदला, घराऐवजी देऊळ घाला, देवळासमोरच्यांनीसुद्धा. चपखल बसलं ना? मग तोडणं बरोबर होतं.

आता तुमच्यासाठी, बेचव, बेडूक आणि बेसन. यातला एकच तुटतो. भाचीने बेसन तोडलं, कारण तिला ते आवडत नाही.