पहिल्या अक्षरावरून जपानी गाणी कशी निवडावीत

कोजागिरीचे दूध आटेपर्यंत किंवा भुलाबाईचा खाऊ वाटून झाल्यावर भेंड्या लावण्याची रीत विदर्भातल्या खेड्यांत अजून टिकून आहे. मोबाइलवर ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट पाहणारी मुले आता गावोगावी आहेत, आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारामुळे जपानचे नाव तर त्यांच्या आईवडिलांनाही परिचयाचे आहे. त्यामुळे मराठी-हिंदी गाण्यांबरोबर एक फेरी जपानी गाण्यांचीही ठेवावी, अशी मागणी शाळेत किंवा वाचनालयात झाली, तर संयोजकाने बिचकण्याचे कारण नाही. एकेका अक्षरासाठी एकेक गाणे आधीच निवडून ठेवणे, एवढेच खरे काम आहे. रोमन लिपीतली यादी समोर ठेवून हे काम केले तर ते हमखास बिघडते. मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर बसून केले तर बरेचसे आपोआप सुटते.

याचे कारण जपानी अक्षरांच्या क्रमात आहे. त्या क्रमाला गोजूओन म्हणतात आणि तो आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होतो. पुढच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा येतात. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्या अभ्यासाचा ठसा या मांडणीवर आहे. आपल्या वर्णमालेतून जपानीत नसलेले वर्ण गाळले, तर जवळपास हाच क्रम उरतो. प-वर्गाच्या जागी हा कसा, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारेलच. हा-ओळीचा प्राचीन उच्चार प-जवळचा होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि आजही हा-च्या डोक्यावर छोटे वर्तुळ काढले की त्याचा पा होतो, हे उत्तर त्याला पुरेसे आहे.

आज वापरात असलेली मूळ अक्षरे ४६ आहेत. त्यांपैकी तक्त्याच्या शेवटी येणारा अनुस्वारासारखा न् आणि वा-ओळीतला, केवळ विभक्तिप्रत्ययासारखा वापरला जाणारा ओ या दोन अक्षरांनी प्रमाण जपानीत शब्द सुरू होत नाहीत. म्हणून तक्ता ४४ घरांचा आखावा, आणि ती सगळी घरे भरण्याचा हट्ट धरू नये.

तक्ता भरताना गाण्याचे नाव कानाने ऐकावे आणि ऐकले तसे देवनागरीत लिहून काढावे. रोमन अक्षरांवर भिस्त ठेवली की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की, एकच अक्षर रोमनमध्ये दोन पद्धतींनी लिहितात. त्यामुळे शि कुठे सि, त्सु कुठे तु आणि फु कुठे हु असा दिसतो. दुसरी अडचण मुले इंग्रजी नावे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावतात ही आहे. योआसोबी या जोडीचे २०२३ मधले गाजलेले ‘आयदोरु’ हे गाणे इंग्रजी स्पेलिंग पाहून इ-च्या घरात टाकले जाते, परंतु जपानी लिपीत ते आ-ने सुरू होते आणि त्याचे घर आ हेच आहे. केन्शी योनेझु यांच्या २०१८ मधल्या ‘लेमन’चे घर रे आहे, कारण जपानीत ल आणि र वेगळे नाहीत. चित्रलिपीही फसवते. ‘फुरुसातो’ हे गाणे ज्या दोन चित्राक्षरांत लिहिले जाते, त्यांचे नेहमीचे वाचन ‘कोक्यो’ असे आहे, आणि मोबाइलवरचे यंत्र कधीकधी तेच वाचन देते. शंका आली की गाण्याचे ध्वनिमुद्रण लावून निवेदक काय म्हणतो ते ऐकावे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला थोडा लाभच आहे. त्सु हे अक्षर म्हणताना ‘चूल’ या शब्दातला च आठवावा आणि ची म्हणताना ‘चिंच’ यातला पहिला च आठवावा. ‘जमीन’ आणि ‘जीव’ या शब्दांतल्या ज-चा फरकही तसाच कामी येतो. फु मात्र आपल्याकडे नाही. दोन्ही ओठ जवळ आणून फुंकर घातल्यासारखा तो उच्चारावा, दात ओठाला लावू नयेत.

मग नियम ठरवावेत, आणि ते खेळ सुरू होण्याआधी फळ्यावर लिहावेत, कारण भेंड्यांतली भांडणे नियमांवरूनच होतात. जपानी शब्दकोशात ग हा क-बरोबर, ज हा स-बरोबर, द हा त-बरोबर आणि ब व प हे ह-बरोबर लावतात. तीच सवलत खेळात द्यावी, म्हणजे लिसा यांचे २०१९ मधले ‘गुरेंगे’ कु-च्या घरात बसते आणि इकिमोनो-गाकारी या गटाचे २००८ मधले ‘ब्लू बर्ड’ फु-च्या घरात बसते. जोडाक्षर आल्यास पहिले अक्षर धरावे. चहाची पाने खुडण्याच्या दिवसांवरचे ‘चात्सुमी’ हे गाणे ची-च्या घरात जाते आणि साबणाच्या फुग्यांवरचे ‘शाबोनदामा’ शि-च्या घरात जाते. दीर्घ स्वराने घर बदलत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. गावातल्या मुलांना तोंडपाठ करता येतील अशी गाणी आधी घ्यावीत, आणि त्यासाठी बालगीते, शाळेतली जुनी गीते व लोकगीते यांहून चांगला साठा नाही. आ-साठी ‘आकातोंबो’ घ्यावे. मिकी रोफू यांची ही कविता १९२१ ची आहे आणि कोसाकु यामादा यांनी तिला १९२७ मध्ये चाल लावली. संध्याकाळचा लाल चतुर पाहून कवीला पाठुंगळी घेणारी मुलगी आठवते. ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि गावाकडची खबर येईनाशी झाली. भुलाबाईच्या गाण्यांतले सासर-माहेर ऐकत वाढलेल्या मुलींना हे समजावून सांगावे लागत नाही. इ-साठी कुमामोतो प्रांतातले ‘इत्सुकी नो कोमोरिउता’ आहे. हे अंगाईगीत दुसऱ्यांची मुले सांभाळायला पाठवलेल्या गरीब घरच्या मुलींचे आहे. उ-साठी कोजागिरीला ‘उसागी’ शोभते, कारण पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहून उड्या मारणारा ससा त्यात आहे, आणि चंद्रावर ससा आपणही पाहतोच. मोठ्या माणसांसाठी त्याच घरात क्यू साकामोतो यांचे १९६१ मधले ‘उए ओ मुइते आरुको’ ठेवावे. ‘सुकियाकी’ या नावाने ते १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. ए-ला ‘एदो नो कोमोरिउता’ आणि ओ-ला १९१४ मधले ‘ओबोरोझुकियो’ पुरे.

पुढच्या ओळींत गाण्यांची कमतरता नाही. को-साठी रेंतारो ताकी यांचे १९०१ मधले ‘कोजो नो त्सुकी’, सा-साठी ‘साकुरा साकुरा’ आणि सो-साठी होक्काइदोच्या हेरिंग मासेमारांचे ‘सोरान बुशी’ घ्यावे. ता-ला ‘तांको बुशी’ सुचवतो. फुकुओका प्रांतातल्या कोळसा खाणींचे हे गाणे जपानी लोक ओबोन या पितरांच्या सणाच्या दिवसांत गोलाकार नाचत म्हणतात, आणि चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतल्या मुलांना खाणीचे गाणे परके वाटणार नाही. तो-साठी ‘तोर्यान्से’, ना-साठी ‘नादा सोसो’, फु-साठी १९१४ मधले ‘फुरुसातो’, मो-साठी ‘मोमिजी’, या-साठी ‘याशी नो मी’ आणि यु-साठी ‘युयाके कोयाके’ घ्यावे. हा-च्या घरात ‘हाना’ नावाची गाणी एकाहून अधिक आहेत. त्यांत ताकी यांचे १९०० मधले आणि शोकिची किना यांचे अगदी वेगळे आहे, म्हणून तिथे रचनाकाराचे नावही लिहून ठेवावे.

रा-ची ओळ ओस पडते, कारण अस्सल जपानी शब्द र-ने सुरू होत नाहीत. तरी १९४५ च्या चित्रपटातले ‘रिंगो नो उता’ रि-साठी मिळते, आणि रे-साठी वर सांगितलेले ‘लेमन’ आहेच. उरलेल्या रा, रु, रो या घरांना आणि नु-ला, आपण ण आणि ळ यांना देतो तशी, सरसकट सूट द्यावी.

जपानी गाणे पूर्ण म्हणण्याची अपेक्षा धरली तर फेरी दोन अक्षरांतच थांबेल. त्याऐवजी चिठ्ठ्यांचा खेळ करावा. जपानमध्ये ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवितांच्या संग्रहावर पत्त्यांचा खेळ चालतो. कवितेची सुरुवात कानी पडताच तिच्या उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलायचा असतो. मु, सु, मे, फु, सा, हो आणि से यांनी सुरू होणारी कविता प्रत्येकी एकच असल्यामुळे ती पहिल्या अक्षरालाच ओळखता येते. उलट आ-ने सुरू होणाऱ्या कविता सोळा असल्याने तिथे दम धरावा लागतो. हीच युक्ती इथे वापरावी. सतरंजीवर देवनागरी अक्षरांच्या चिठ्ठ्या मांडाव्यात, गाण्याचा मुखडा वाजवावा आणि नाव ओळखून पहिले अक्षर उचलणाऱ्या गटाला गुण द्यावा. ज्या गटाला मुखडा म्हणूनही दाखवता येईल, त्याला दुप्पट गुण द्यावेत.

भारनियमन आणि नेटवर्क या दोहोंचा भरवसा नसल्याने गाणी आदल्या दिवशी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत आणि स्पीकर चार्ज करून ठेवावा. फायलींची नावे देवनागरीत द्यावीत व प्रत्येक नावाआधी तक्त्यातला घराचा क्रमांक टाकावा, कारण मोबाइल त्या इंग्रजी क्रमाने लावू लागला की ऐन वेळी ‘साकुरा’ सापडत नाही.