ॲक्सेस पॉइंट सारखा नेटवर्कवरून पडतोय? आधी पॉवर आणि केबल बघा

ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायफाय पसरवणारा डबा. मोबाईलवर वायफायचं नाव दिसतंय, रेंज फुल, पण नेट नाही, आणि थोड्या वेळाने आपोआप चालू. अशा वेळी लोक आधी चॅनेल बदलत बसतात, नाहीतर थेट रिसेटच्या भोकात पिन घालतात. रिसेट तर नकोच, त्याने सेटिंग सगळं उडतं आणि मूळ बिघाड बहुतेक वेळा आहे तिथेच राहतो.

पहिलं काम, नक्की काय पडतंय ते शोधा. ॲक्सेस पॉइंट ज्या स्विचला (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) जोडलाय त्यालाच लॅपटॉप वायरने जोडा, दोन विंडो उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत ॲक्सेस पॉइंटला सतत पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते विचारणारा छोटा मेसेज) लावून ठेवा. नेट गेल्यावर दोन्ही पिंग थांबले तर भानगड स्विचकडे किंवा राउटरकडे. फक्त ॲक्सेस पॉइंटचा थांबला तर त्याची पॉवर, केबल, पोर्ट किंवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता). आणि दोन्ही चालू असून मोबाईलच तुटत असेल तर मग खुशाल वायफायच्या मागे लागा.

मग ॲक्सेस पॉइंटच्या पेजवर किंवा कंट्रोलरमध्ये (सगळे ॲक्सेस पॉइंट एकत्र सांभाळणारी यंत्रणा) अपटाइम बघा, म्हणजे शेवटच्या रीस्टार्टपासून किती वेळ चालू आहे ते. हे फारसं कोणी बघत नाही पण अर्धं उत्तर तिथेच असतं. अपटाइम परत शून्यापासून सुरू झालेला दिसला म्हणजे डबा रीस्टार्ट होतोय, आणि तसं असेल तर पहिला संशय पॉवरवर.

पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या पॉवरवर, चालत असेल तर स्टँडर्ड तपासा. ८०२.३एएफ पोर्ट १५.४ वॅट देतो, केबलमधला लॉस धरून डब्याला १२.९५ वॅटचीच खात्री. ८०२.३एटीमध्ये तेच ३० आणि २५.५. एटी लागणारा ॲक्सेस पॉइंट एएफ पोर्टवर लावला तर कधीकधी चालू व्यवस्थित होतो, पण गर्दी वाढून रेडिओ जोरात चालायला लागले की मान टाकतो, म्हणून मग सगळ्यांना वाटतं की जास्त लोक आले की वायफाय झेपत नाही. स्विचचं एकूण पीओई बजेटही बघा, आठ पोर्ट आहेत म्हणून आठही पोर्टवर पूर्ण पॉवर मिळेलच असं नाही. आणि २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये पॉवर सोडणारा अडॅप्टर) हाताशी आहे म्हणून लावू नका, तो समोर काय जोडलंय ते न विचारताच करंट सोडतो.

अपटाइम चालूच आहे पण लिंक तुटतेय? मग केबल. लिंक स्पीड गिगाबिटऐवजी १०० दाखवत असेल तर बहुतेक केबलमधली तारांची एखादी जोडी तुटलीय किंवा क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर बसवणं) कच्चं आहे, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. लांबी पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत हवी. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, पीओईसाठी ती नकोच. सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे ॲक्सेस पॉइंट खाली उतरवून स्विचशेजारी छोट्या चांगल्या केबलवर, त्याच पोर्टवर चालवून बघणे. तिथे नीट चालला तर दोष जुन्या केबलचा, तिथेही पडला तर पोर्ट बदला, आणि नवीन पोर्टला व्हीलॅन (पोर्ट कोणत्या उप-नेटवर्कमध्ये आहे ते) तेच द्यायला विसरू नका.

आता आयपी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा, सहसा राउटरमध्येच असते) काही मिळालंच नाही. नेटवर्कमध्ये कोणीतरी दुसरा राउटर जोडून त्याचा डीएचसीपी चालू ठेवलाय का बघा, किंवा हाताने दिलेला आयपी डीएचसीपीच्या रेंजमध्येच येतोय आणि तोच दुसऱ्या कुणाला मिळतोय. ठरावीक वेळाने पडत असेल तर हा संशय जास्त. उपाय सोपा, राउटरमध्ये रिझर्वेशन करून टाका, म्हणजे ॲक्सेस पॉइंटला कायम एकच आयपी राखून ठेवला जाईल.

५ गिगाहर्ट्झचं नाव गायब होतं पण २.४ चालू राहतं, असं असेल तर चॅनेल ५२ ते १४४ मधला आहे का बघा. तिथे रडार ऐकू आलं की ॲक्सेस पॉइंटला तो चॅनेल सोडावा लागतो आणि तसलाच दुसरा घ्यायचा तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल फिक्स करा.

फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) शेवटी. अपडेटच्या आधी सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि पॉवरचा घोळ मिटल्याशिवाय अपडेट मारू नका, मध्येच रीस्टार्ट झाला तर डबा कायमचा बसू शकतो.