खुब्याचा सांधा बदलायच्या आधी चालण्याची तयारी

ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात, त्यामुळे घर आधीच तयार हवं. पलंगापासून संडासापर्यंत वॉकर घेऊन एकदा चालून बघा. पायपुसणी, चटया, वायरी उचला. बाथरूमचं दार बऱ्याच घरांत अरुंद असतं, तेव्हा दार मोजूनच वॉकर घ्या. उंबरठ्याला रंगीत पट्टी चिकटवा. कमोड उंच करून घ्या आणि हातांची, 18 ते 20 इंच उंच खुर्ची ठेवा. बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहिला पाहिजे. उंच माणसाला याहून उंच खुर्ची लागते.

वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. ती खाली असली की माणूस वाकून चालतो, वर असली की खांदे भरून येतात. पायांची रबरी बुचं झिजलेली असतील तर ओल्या फरशीवर वॉकर सटकतो, म्हणून ती बदला. चपला नकोतच. मागून बंद, न घसरणारे बूट आणि ते घालायला लांब दांड्याचा शूहॉर्न घ्या. साडी किंवा लुंगी घोट्याच्या वर.

क्रम आधीच पाठ करा: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वळताना त्या पायावर गिरकी घेऊ नका, लहान लहान पावलं टाकत वळा. मागून छेद घेतला असेल तर गिरकीत, पायावर पाय टाकताना किंवा खाली वाकताना सांधा निखळू शकतो. पायावर किती भार द्यायचा, हे सर्जनकडून लिहूनच घ्या.

सुरुवातीला 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा पुरे. एकदाच लांब चालण्याने संध्याकाळी पाय सुजतो. वेदनाशामक गोळी दिली असेल तर ती चालण्याआधी अर्धा तास घ्या. वॉकर सोडायची घाई मात्र खरंच करू नका! नितंबाचे स्नायू तयार नसताना तो सोडला की लंगडायची सवय लागते आणि ती मोडायला फार कष्ट पडतात. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा.

डॉक्टरांचा नंबर फोनजवळ लावा. पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच कळवा. अचानक धाप लागली किंवा पाय एकाएकी आखूड वाटून टेकवेना, तर थेट रुग्णवाहिका बोलवा.