गोठवलेला भ्रूण सोडल्यानंतर हार्मोनची औषधे घरी कशी घ्यावीत

भ्रूण मासिक पाळीच्या कोणत्या प्रकारच्या चक्रात गर्भाशयात सोडला, हे गावी परतण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. नैसर्गिक चक्रात स्त्रीबीज फुटल्यावर अंडाशय स्वतःच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे हार्मोन, तयार करते आणि औषध त्याला जोड देते. परंतु इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भाशयाचे अस्तर वाढवलेल्या चक्रात बहुधा स्त्रीबीज फुटतच नाही, त्यामुळे गर्भाला लागणारे जवळजवळ सगळे प्रोजेस्टेरॉन औषधातूनच येते. या दुसऱ्या चक्रात एका दिवसाचा खंडही परवडत नाही.

योनीमार्गात ठेवायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, अनेकदा 400 मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी हात धुऊन ठेवावी व थोडा वेळ पडून राहावे. नंतर पांढरट स्राव होतो. औषध वाया गेले असे समजून दुसरी कॅप्सूल ठेवू नये. तेलातील इंजेक्शन असल्यास उपकेंद्रातील नर्सबाईंशी आधीच बोलून ठेवावे, रोज कुल्ल्याची बाजू बदलावी, आणि शेंगदाणा किंवा तिळाची ॲलर्जी असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. काही डॉक्टर रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून, ते दर मिलिलिटरमागे 10 नॅनोग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास मात्रा वाढवतात. डायड्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम औषधाची गोळी मात्र या तपासणीत दिसत नाही, तेव्हा आकडा पाहून घाबरू नये.

आपल्याकडे विदर्भात खरी अडचण उन्हाची आणि पुरवठ्याची. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, टिनाच्या छपराखाली कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात. वेष्टनावरील तापमान पाहून, घट्ट झाकणाचा कोरडा डबा माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्यास निभावते. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात नेमके तेच औषध मिळेलच असे नाही, म्हणून पुढच्या भेटीपर्यंत पुरून आठवडाभर उरेल इतका साठा नागपूर-अमरावतीहूनच आणावा.

मात्रा चुकल्यास आठवताच घ्यावी, दुप्पट घेऊ नये, आणि दवाखान्यात फोन करून कळवावे. थोडा रक्तस्राव दिसला म्हणजे पाळीच आली, असे मानून औषध बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. स्तन दुखणे, मळमळ, सुस्ती ही औषधाचीही लक्षणे असल्याने त्यावरून काहीच ठरत नाही. निर्णय साधारण 10 ते 14 दिवसांनी होणाऱ्या बीटा एचसीजी या गर्भधारणेच्या हार्मोनच्या रक्ततपासणीवरच घ्यावा. चाचणी होकारार्थी आली तरी, वार (प्लॅसेंटा) स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा गरोदरपणाच्या 10 ते 12 आठवड्यांपर्यंत, औषध सुरू राहते.

पलंगावर पडून राहण्याने गर्भ टिकण्यास मदत होत नाही, सासूबाईंनी कितीही आग्रह धरला तरी. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा पोटात एका बाजूला तीव्र कळ आली, तर पुढच्या एसटीची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.