सिग्नल वाचायच्या आधी पेशंट बघा

मी मुळात फिजिओथेरपिस्ट. पक्षाघाताच्या पेशंटकडून हाताचे व्यायाम करून घेता घेता, मेंदूच्या सिग्नलवर चालून लुळा हात हलवणाऱ्या यंत्रांच्या संशोधनाकडे वळले. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं आधी मशिनचं विचारतात: डोक्यावरून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणारं ईईजी शिकू, की मोठ्या स्कॅनरमध्ये मेंदूचं काम दाखवणारं एफएमआरआय? रोजच्या व्यायामाला एफएमआरआय परवडत नाही. प्रकाशाने रक्तप्रवाह मोजणारं एफनिर्स सोयीचं, पण त्याचा सिग्नल चढायला पाच-सहा सेकंद लागतात. म्हणून माझं बहुतेक काम ईईजीवर.

उजवा हात हलवायचं मनात आणलं की डोक्याच्या डाव्या बाजूला, ईईजीच्या सी३ या जागेवर, ८ ते १३ हर्ट्‌झची म्यू लय, म्हणजे हात स्वस्थ असताना दिसणारी मेंदूची लहर, दबते. ती पुरेशी दबली की हाताला बांधलेलं यंत्र बोटं उघडतं. 'पुरेशी' म्हणजे किती, हे रोज नव्याने ठरवायचं, आणि खरी मेहनत तिथे आहे. मी आधी दोन मिनिटं शांत बसवून नोंद घेते आणि दहातले सहा-सात प्रयत्न जमतील अशी पातळी लावते. सगळेच जमले तर शिकायला काही उरत नाही. एकही जमला नाही तर पेशंट दुसऱ्या दिवशी येतच नाही.

२०१३ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ३२ पेशंटवरचा अभ्यास छापला. निम्म्यांचं यंत्र मेंदूच्या सिग्नलवर चालत होतं, निम्म्यांचं कसंही, आपोआप. फिजिओथेरपी दोघांनाही सारखी. हाताची हालचाल किती परतली हे मोजणाऱ्या फ्युगल-मेयर चाचणीत पहिल्या गटाचे सरासरी साडेतीनच्या आसपास गुण वाढले, दुसऱ्याचे तसे वाढले नाहीत. हा अभ्यास नीट वाचा. प्रयत्न आणि हालचाल यांची गाठ सुटली की उरतं ते नुसतं हात हलवणं.

मी ती गाठ स्वतः सोडवली होती. एका आजींचा आलेख पहिल्या दिवसापासून सुरेख दबायचा आणि मी खूश. तिसऱ्या दिवशी पडदा सोडून त्यांच्याकडे पाहिलं. विश्रांतीच्या वेळी त्या दात गच्च आवळून बसायच्या, 'आता करा' म्हटलं की तोंड उघडायच्या. दबत होता तो जबड्याच्या स्नायूंचा विद्युत गोंगाट. तीन दिवस त्यांचं यंत्र जबड्यावर चाललं होतं. त्यांचे कष्ट मी वाया घालवले, हे आजही लागतं.

म्हणून सिग्नल तपासायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जरूर शिका, पण आधी काही महिने फिजिओच्या ओपीडीत उभे राहा. खांदा कधी उचलला जातो, श्वास कधी रोखला जातो, हे तिथे दिसतं.

नंतर आजींना म्हटलं, "भाकरी थापताय असं मनात आणा." आलेखात काहीच हललं नाही, त्या मनातलं चित्र दुरून बघत होत्या. मग म्हटलं, "आजी, बघू नका. पीठ तळहाताला ओलं लागतंय ना, ते जाणवू द्या." आलेख आधीच्या निम्माही दबला नाही. पण जबडा सैल होता, आणि तो दबला सी३ वरच.